देवगिरीचा चढ आणि पाण्याची बाटली

डोंगर आमच्या मुलांना नवा नाही. सरपण आणायला, शेळ्यांमागे, सीताफळे तोडायला ती माळ-टेकड्या तुडवतातच. पण नुसते पाहण्यासाठी, चढण्याच्या आनंदासाठी डोंगर चढायचा, ही गोष्ट आमच्या वस्तीला नवी होती. म्हणून गेल्या डिसेंबरात मुलांची सहल काढायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : "डोंगर चढून काय भेटणार?"

प्रश्न विचारणारा बाप हळदीच्या कामावर रोजाने जातो. त्याची मुलगी आठवीत शिकते. पोरीला रात्रीच्या प्रवासाला पाठवायची त्याची तयारी नव्हती. शेवटी त्याची आई, वय सत्तरीच्या पुढचे, म्हणाली, "म्या जाते संगं. मग तर झालं?" मला मनातून वाटले, आजीबाईंना सांभाळायचे की मुलांना? पण बोललो नाही. यादीत नाव लिहिले.

एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. 27 मुले-मुली आणि आम्ही 9 मोठी माणसे. हिंगोलीहून रात्री निघून औंढा, जिंतूर, जालना करीत पहाटे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला पोचलो. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय मुलांना दाखवले. मग वेरूळच्या रस्त्याने दौलताबाद. संध्याकाळी वेरूळची लेणी पाहायची, पण सकाळच्या थंडाव्यात किल्ला चढायचा, असा बेत होता.

हा किल्ला म्हणजेच यादवांची देवगिरी. सुमारे 200 मीटर उंचीचा एकटा डोंगर. त्याचे कडे चहूबाजूंनी उभे तासून काढलेले आणि खाली खडकात खोदलेला खंदक. महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीची राजधानी इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद केले. पण आम्ही मुलांना इथे आणले ते राजांसाठी नव्हे.

दरवाजाच्या अलीकडे मुलांना खाली बसवले आणि 1934 सालची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांनी स्वतः ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर पुस्तिकेत लिहून ठेवली आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना सहलीची हौस होती. सुमारे 30 माणसे बाबासाहेबांसोबत वेरूळ पाहायला निघाली. वाटेत हा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. वेशीजवळ पाण्याने भरलेला हौद होता, त्यावर काहींनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक म्हातारे गृहस्थ ओरडत आले की यांनी हौद बाटवला. पाहता पाहता गर्दी जमली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला हे पाणी नाकाराल का? गर्दी गप्प झाली. अखेर किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर. आणि लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. हिंदूंना जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला. विटाळ हा एका धर्माचा रोग राहिला नव्हता. तो साऱ्या समाजाच्या अंगात भिनला होता.

तेव्हा आपली हिंगोलीही याच निजामी राज्यात होती. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर तहानेवर पहाऱ्यात हा डोंगर चढला, हे ऐकून मुले गप्प झाली. आजी मात्र म्हणाल्या, "त्येचं काय नवल बापू? आमी लहान व्हतो तवा इहिरीजवळ घागर ठिवून बसायचो. कोनी वरून वाढलं तर पानी." मग त्यांनी नातीची बाटली नळावर भरून आणली आणि तिच्या हातात दिली. "वर जाऊन पी," एवढेच म्हणाल्या.

चांदमिनार उजवीकडे ठेवून आम्ही पुढे निघालो. पायऱ्या मोजायचे काम मुलांना दिले होते. शेवटी प्रत्येकाचा आकडा निराळा निघाला. खंदकापर्यंत आजी आल्या. गुडघे बोलू लागले तेव्हा तिथेच सावलीला बसल्या. एक कार्यकर्त्या भगिनी त्यांच्याजवळ थांबल्या.

त्यापुढे अंधारी. खडकातून वळणे घेत वर जाणारा हा काळाकुट्ट बोगदा शत्रूला चुकवण्यासाठीच केलेला. पायऱ्या उंच-सखल, वटवाघळांचा वास, डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. माझा कारकुनी हिशोब असा, की प्रत्येक मुलाला आधीच आकडा दिला होता. मध्ये थांबून आकडे म्हणायला लावले. 11, 12, 13 झाले आणि पुढे शांतता. चौदावा चौथीतला मुलगा. मी पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. माझ्या पोटात गोळा आला. हातातली बॅटरीही नेमकी मिणमिणू लागली. तेवढ्यात मागच्या वळणावरून आवाज आला, "काका, 14 माझ्याजवळ हाय. त्याची चप्पल निसटली व्हती. तुम्ही थांबा, आम्ही येतो."

आवाज 22 नंबरचा, म्हणजे त्याच आठवीतल्या मुलीचा. भिंतीला एक हात लावून, दुसऱ्या हाताने त्या पोराला धरून ती वर आली. चूक माझी होती. लहान मुलांच्या मध्ये मोठी मुले ठेवायला हवी होती, ती मी सगळी मागे ठेवली. उजेडात आल्यावर मी ते सर्वांसमोर कबूल केले आणि पुढचा चढ जोड्या लावून केला.

पुढे उभ्या पायऱ्या. बारादरीशी पोचलो तेव्हा वारा असा अंगावर आला की घाम क्षणात गेला. खाली तटाच्या रांगा, मिनार, वेरूळकडे जाणारा रस्ता. मुले ओरडली, हसली, नाचली. त्या मुलीने बाटली उघडली, पाणी प्यायली, शेजारच्यांना दिले. मग झाकण लावले. बाटलीत अर्धे पाणी शिल्लक होते.

तिथेच मी मुलांना पूर्णा मालावत आणि आनंदकुमार यांची गोष्ट सांगितली. शेजारच्या तेलंगणातली ही दोन गरीब घरची मुले, पूर्णा आदिवासी, आनंद दलित. समाजकल्याणच्या निवासी शाळांत शिकणारी. भोनगीरच्या खडकावर शिकून 25 मे 2014 रोजी ती एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली. पूर्णा तेव्हा 14 वर्षांचीही नव्हती. मे 2018 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या 5 आदिवासी विद्यार्थ्यांनीही तेच शिखर गाठले. अंगात बळ या मुलांच्या आधीपासूनच होते. प्रशिक्षण आणि कोणाचा तरी विश्वास, एवढेच कमी होते.

खाली आलो तेव्हा आजी खंदकाशीच होत्या. नातीने बाटली पुढे केली. "आजी, म्या वर पिले. हे तुझं." आजींनी बाटली घेतली, वर डोंगराकडे पाहिले आणि सावकाश पाणी प्यायल्या. बोलल्या काहीच नाहीत. आम्हीही काही विचारले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, वेरूळला जाल तेव्हा घाई करून देवगिरी टाळू नका. उन्हाआधी चढा. पायात घट्ट बूट घाला, चप्पल नको. प्रत्येकाजवळ पाणी आणि चांगली बॅटरी असू द्या. मुलांना आकडे द्या आणि लहानांच्या मध्ये मोठी मुले ठेवा. आणि चढण्याआधी पायथ्याशी बसून 1934 सालची ती गोष्ट मुलांना जरूर सांगा.

परतल्यावर त्या मुलीचा बाप भेटला. डोंगर चढून काय भेटले, हे त्याने पुन्हा विचारले नाही. विचारले ते एवढेच, "पुढल्या साली कुठं नेता?"