चाळीस नंबरचे काळे रीळ

गेल्या दिवाळीला चार दिवस उरले असताना मी वडनेर भोलजीहून नांदुऱ्यास जावयास निघालो, तेव्हा काकूने माझ्या हाती एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी म्हणजे दिनदर्शिकेचे एक फाडलेले पान. त्याच्या कोऱ्या बाजूस पेन्सिलीने लिहिले होते : चाळीस नंबरचे काळे रीळ एक, ब्लाउजचे हुक एक पाकीट, यंत्राच्या सुया सोळा नंबरच्या. आणि त्याखाली टाचणीने अडकवलेले कापडाचे तीन कपटे होते. एक मोरपंखी, एक डाळिंबी, आणि तिसरा असा की त्यास विटकरी म्हणावे की तपकिरी याचा निर्णय मला अद्यापि करता आलेला नाही. "याच्या जोडीचे दोरे आन, बापू," काकू म्हणाली, "आन दुकानातल्या दिव्याखाली पाहू नको. बाहेर रस्त्यावर उजेडात येऊन पाह्यजो."

काकूचे शिवणयंत्र उषा जातीचे आहे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात हे स्वदेशी यंत्र काढले. त्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचे एक यंत्र आमच्या ओसरीत आले ते काका निवर्तल्यानंतरच्या वर्षी. शेत होते, शेतात कापूसही होता. परंतु कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि यावयाच्या आधीच तो कोणाचा तरी झालेला असतो. यंत्राचा पैसा थोडा, पण तो रोजचा. त्या रोजच्या पैशावर काकूने दोन मुलगे शिकवले. गावातील पोरींचे परकर, सासुरवाशिणींचे ब्लाउज, शाळेच्या खाकी चड्ड्या, म्हाताऱ्यांच्या बंड्या हे सारे त्या ओसरीतून जाई. या व्यापाराला भांडवल लागे ते नांदुऱ्याच्या एका दुकानातील. त्या दुकानाचे नाव मी सांगत नाही. ते दुकान आता जे झाले आहे ते पुष्कळच दुकाने झाली आहेत, आणि त्यात एकट्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

लहानपणी काकूबरोबर मी तेथे जात असे. पुढे कापडाचे तागे, बाजूस बांगड्या, आणि मागची सबंध भिंत रिळांची. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगांची अशी चढण मी पुढे कोणत्याही चित्रशाळेत पाहिली नाही. त्याखाली बटणांचे लहान लहान खण असत आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आत काय आहे ते कळावे म्हणून एकेक बटण शिवलेले असे. लेस मोजण्यासाठी फळीवर पितळेची गजपट्टी ठोकलेली होती. शेटजी बसल्या जागेवरून कपटा पाहत, डोळे बारीक करीत, आणि उठून न चुकता त्याच रिळावर हात ठेवीत. काकूला मात्र तेवढ्याने समाधान नसे. ती रीळ घेऊन रस्त्यावर येई, उन्हात कपट्याशी लावून पाही, आणि पुष्कळदा आत जाऊन म्हणे, "याच्याहून एक पाऊल मळकं द्या." त्या तेवढ्या मळकेपणावरून दोघांचा दहा मिनिटे वाद चाले. वाद म्हणजे काय, ते दोन जाणकारांचे शास्त्रार्थच असत.

तर त्या दुकानाशी मी जाऊन उभा राहिलो, आणि प्रथम मला वाटले की आपण गल्ली चुकलो. काचेचे दार, आत गारवा, मंद संगीत. पुढे तयार कपड्यांच्या रांगा. जेथे रिळांची भिंत होती तेथे आता जमिनीपासून छतापर्यंत आरसे, त्यांपुढे फिरत्या खुर्च्या. एका खुर्चीवर एका तरुणीच्या नखांवर दुसरी तरुणी अतिशय एकाग्रतेने बारीक फुले काढीत होती. कोपऱ्यात कॉफीचे यंत्र फुसफुसत होते. मी चिठ्ठी पुढे केली. समोरच्या मुलीने ती वाचली, कपट्यांकडे कुतूहलाने पाहिले, आणि सौजन्याने सांगितले, "काका, हे आता आम्ही ठेवत नाही. ऑनलाइन मिळेल." विटकरी की तपकिरी हे ज्याला हातात कपटा असून ठरवता येत नाही, त्याने ते मोबाइलच्या पडद्यावर कसे ठरवावे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

धाकटे शेटजी मला ओळखतात. ते उठून आले, त्यांनी मला आग्रहाने कॉफी पाजली, आणि मी न विचारताच आपली बाजू मांडली. ती ऐकून घेतल्यावाचून या गृहस्थास दोष देणे अन्यायाचे होईल. रिळावर सुटतो रुपया-दोन रुपये. ते रीळ शोधण्यात माणसाचा पाव तास जातो. शंभर छटा ठेवाव्या तेव्हा त्यातील वीस खपतात, आणि नेमकी एकशे एकावी मागणारे गिऱ्हाईक तक्रार करून जाते. तीच भिंत, तोच पाव तास, पण नखे रंगवण्याचे पैसे कितीतरी अधिक, आणि शिल्लक माल म्हणून काही उरतच नाही. "वडिलांनी ती भिंत प्रेमापोटी ठेवली होती," ते म्हणाले, "प्रेमाला भाडं परवडत नाही." यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी कॉफी संपवून बाहेर पडलो.

बसमध्ये परत येताना एक चमत्कारिक गोष्ट मनात आली. जगातील ज्या अवाढव्य दुकानांचे अनुकरण आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले आहे, त्यांपैकी कित्येकांचे मूळ या सुईदोऱ्यातच आहे. पॅरिसचे बाँ मार्शे १८३८ साली निघाले तेव्हा ते फिती, लेस, बटणे, चादरी आणि छत्र्या विकणारे लहानसे दुकान होते. १८५२ साली आरिस्तीद बूसिको त्यात भागीदार म्हणून आला, त्याने ठरलेल्या भावाची आणि नापसंत माल परत घेण्याची पद्धत पाडली, आणि त्या फितींतून सबंध इमारत उभी राहिली. न्यूयॉर्कात मेसीने १८५८ साली अशाच किरकोळ कापडचोपडाचे दुकान मांडले. त्याची पहिल्या दिवसाची विक्री ११ डॉलर ६ सेंट. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुइसने १८६४ साली दुकान उघडले तेव्हा पहिल्या दिवशी गल्ल्यात १६ शिलिंग ४ पेन्स जमले. जपानातील मित्सुकोशीचा पूर्वज म्हणजे १६७३ साली एदो नगरीत निघालेले कापडाचे दुकान. सबंध ताग्याची सक्ती न करता गिऱ्हाइकास हवे तेवढेच कापड कापून देणे, हा त्याच्या कीर्तीचा पाया. आणि याच घराण्यातील दुकानांचे पुढे काय झाले? पॅरिसचेच ला सामारितेन हे १८७० सालचे दुकान २००५ साली बंद झाले आणि २०२१ साली पुन्हा उघडले ते आलिशान हॉटेल आणि सौंदर्योपचारांची दालने घेऊन. अमेरिकेतील जोॲन ही १९४३ साली क्लीव्हलंड शहरी जन्मलेली कापडाची व शिवणसाहित्याची दुकानमालिका तर २०२५ साली दिवाळे निघून सुमारे ८०० दुकानांसह मिटली. तेव्हा नांदुऱ्याच्या धाकट्या शेटजींनी जगावेगळे काहीच केलेले नाही.

तथापि खिडकीबाहेर पाहताना मला जे बोचत होते ते निराळेच. दिवाळीच्या सुमारास आमच्या काळ्या रानात कापूस फुटलेला असतो. महामार्गाच्या दोन्ही अंगांस पांढरे ठिपके दिसत होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी माजली आणि तेथील कापूस अडला, तेव्हा साऱ्या युरोपचे लक्ष या वऱ्हाडाकडे वळले. मुंबईहून निघालेली आगगाडी आमच्या मलकापूर-नांदुऱ्यावरून १८६७ साली नागपुरास पोहोचली. केवळ कापसाच्या गाठींसाठी जलंबहून खामगावास १८७० साली फाटा काढण्यात आला, आणि फोल्कार्टसारख्या स्विस पेढीची माणसे खामगावच्या बाजारात कापूस पारखू लागली. असा हा कापसाचा मुलूख. पण शिवणाच्या बारीक दोऱ्यास लांब धाग्याचा कापूस लागतो, आणि आमचा त्या काळचा कापूस आखूड धाग्याचा. म्हणून स्कॉटलंडातील पेस्लीचे कारखानदार अमेरिकेच्या नि इजिप्तच्या कापसाचा दोरा करीत, आणि तो आगबोटीने आमच्याकडे येई. म्हणजे गाठी भरभरून बाहेर पाठवणाऱ्या या भागात शिवणाचा दोरा पहिल्यापासून पाहुणाच होता. आज तर बहुतेक रिळे कापसाची नसून पॉलिएस्टरची असतात. निदान तो पाहुणा आमच्या बाजारपेठेत उतरत तरी होता. आता त्याची उतरण्याची जागाही गेली.

कोणी म्हणेल, एका रिळासाठी एवढा शोक कशास? तयार कपडे स्वस्त मिळतात, फाटले तर टाकावे. शिवाय बायकांनी रात्री दिव्याशी डोळे फोडून शिवण करावे यात काय मोठे सुख होते? या आक्षेपात सत्य आहे आणि ते मी नाकारीत नाही. काकूचे डोळे त्या यंत्रापायीच अकाली अधू झाले. यंत्रांच्या विरुद्ध एवढे लिहिणाऱ्या गांधीजींनीसुद्धा सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद म्हणून मान्यता दिली, ती हातशिलाईचे कष्ट त्याने हलके केले म्हणूनच. कष्टांची आरती ओवाळण्याची मला हौस नाही.

परंतु त्या भिंतीपुढे उभी राहणारी बाई आणि त्या आरशापुढे बसणारी बाई यांत एक भेद आहे, आणि तो श्रमाचा नाही. सुईदोरा घ्यावयास येणारे गिऱ्हाईक अर्धे दुकानदारच असे. त्याला घरी जाऊन काहीतरी करावयाचे असे. त्याच्या डोक्यात एक न झालेली वस्तू तयार असे, आणि दुकानाने तिला लागणारा एक तुकडा तेवढा पुरवायचा असे. म्हणून तर काकूला शेटजींशी वाद घालता येई. त्या मळक्या छटेच्या बाबतीत निर्णय तिचा होता. गावात तिची प्रतिष्ठा पैशाने आलेली नव्हती. पैसा फारसा नव्हताच. ती आली होती अशा निर्णयांनी. खुर्चीवर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र काही करावयाचे नसते. त्याच्यावर काही केले जावयाचे असते. ते सुखाचे असेल. पण दुकानातून बाहेर पडताना त्याच्या पिशवीत उद्याचे काम नसते.

येता येता मी नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात शोध केला होता. बांगड्या, कंगवे आणि पिना मांडून बसलेल्या एका म्हातारबाबांपाशी काळे रीळ मिळाले, हुक मिळाले, आणि नवलाने सुयाही मिळाल्या. मोरपंखी आणि डाळिंबी दोरे एका गल्लीतील मॅचिंग सेंटरात गवसले. तिसरा मिळाला नाही.

घरी येऊन मी काकूला सारी हकीकत सांगितली. वाटले होते की ती हळहळेल. ती यंत्राला तेल घालीत होती. तिने हात न थांबवता विचारले, "मंग तथी आता भेटते काय?"

मी सांगितले : नखे रंगवून मिळतात, केस सरळ करून मिळतात, भुवया कोरून मिळतात.

काकू क्षणभर थांबली, आणि मग तिला असे हसू लोटले की तेलाची कुपी कलंडता कलंडता राहिली. "म्हंजे आता आपूनच कापड झालो म्हना!" ती म्हणाली. "कापा, रंगवा, इस्तरी करा!"

मीही हसलो. मग तिने विचारले की नखांवर फुले काढणारी पोरगी कोण होती. वर्णनावरून तिने ओळखलेच. तिच्या आईला काकूने याच ओसरीत काज करावयास शिकवले होते. "चांगला हात असंल तिचा," काकू गंभीरपणे म्हणाली. "आईचाबी होता. चार पैसे भेटतात ना पोरीले? मंग झालं." बसमध्ये मी मोठ्या कष्टाने उभारलेला युक्तिवाद या वाक्याने एका बाजूस बराच कलला. ज्या भिंतीने काकूला पोटापुरते दिले, तीच भिंत गेल्याने त्या मुलीला पोटापुरते मिळाले, हेही खरे. फरक एवढाच की काकूचे यंत्र काकूच्या ओसरीत होते, आणि त्या मुलीची खुर्ची शेटजींची आहे. पण हे मी बोलून दाखविले नाही.

तिसऱ्या कपट्याच्या ब्लाउजचे काम पाडव्याला द्यावयाचे होते. रात्री पाहतो तो काकू दिव्याशी बसून त्याच कापडाच्या कडेचा एकेक धागा अलगद ओढून काढीत होती. जोडीचा दोरा मिळाला नाही तर तो कापडाच्याच पोटातून काढावयाचा, ही जुनी युक्ती. असा धागा वीत-दीड वीतच निघतो आणि ओढताना तुटतो. म्हणून गळ्याच्या हातशिलाईला तिला पुनःपुन्हा सुई ओवावी लागत होती. ब्लाउज वेळेवर गेला. गळ्याकडे पाहून कोणासही दोरा निराळा आहे असे म्हणता आले नसते, कारण तो निराळा नव्हताच.

पाडवा झाल्यावर मी निघालो तेव्हा काकूने पुन्हा एक चिठ्ठी हातात दिली. या वेळी तीवर अक्षर नव्हते, नुसता तो कपटा टाचलेला होता. "अकोल्याले, जळगावले कुठी गेला तर पाह्यजो," ती म्हणाली, "त्या कापडाच्या अजून दोन बाया हायेत." तेव्हापासून तो माझ्या खिशात आहे. अशी भिंत जेथे म्हणून अजून शिल्लक आहे तेथे मी जातो, रीळ मागतो, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन बाहेर रस्त्यावर उजेडात येतो. अजून ते एक पाऊल उजळच निघते.