परवाना मिळाला, हात कधी बसणार?

मंडळी, आज थोड्या अवघड विषयावर लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

मालाडमध्ये ज्याच्या हातात चार पैसे आले, त्याच्या तोंडी कधी ना कधी हे वाक्य येतंच: "लायसनचं काही जमतंय का बघा ना." सराफ, बिल्डर, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक. पत्रकार आहे म्हणजे पोलिसांत ओळखी असणार, असं धरून लोक मलाही विचारतात. कुणाला भेटायचं, किती दिवस लागतील, शर्टाखाली दिसणार नाही असं कुठलं पिस्तूल चांगलं, सगळं विचारतात. चालवायला कुठे शिकायचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

एकच अपवाद भेटला. स्टेशनजवळ दुकान असलेले एक ओळखीचे सराफ. नाव लिहीत नाही, शेठ म्हणू. रीतसर परवाना, नवं कोरं पॉइंट 32चं छोटं पिस्तूल. (9 एमएम तुम्हा-आम्हाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं.) ते रेंजवर निघाले तेव्हा मीही सोबत गेलो. बातमी म्हणून नाही, बघायला.

शिकवायला लष्करातले निवृत्त सुभेदार होते. पहिला अर्धा तास त्यांनी गोळीला हातच लावू दिला नाही. पिस्तूल उघडलं, कारखान्यातलं चिकट ग्रीस पुसलं, हलकं तेल दिलं आणि शेठना म्हणाले, "आता नुसती स्लाइड ओढा." नव्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. दहा-बारा वेळा ओढल्यावर शेठची बोटं लाल झाली. मॅगझिनमध्ये शेवटची दोन काडतुसं काही केल्या बसेनात. मग डमी काडतुसं घालून नुसता चाप दाबायचा सराव. चाप दाबताना नळीचं टोक खाली जातं, हे शेठच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

मग खऱ्या गोळ्या. सात पावलांवर कागद. पाचपैकी दोन कागदावर लागल्या. तिसरी झाडल्यावर पुंगळी बाहेर पडलीच नाही, तिथेच अडकली. शेठ पिस्तूल तसंच हातात धरून "हे बघा काय झालं" म्हणत वळायला लागले. सुभेदारांनी मनगटच धरलं. "शेठ, नळी पुढे! अडकलं म्हणजे रिकामं झालं असं नाही."

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

सिनेमे बघून आपल्याला वाटतं, लहान पिस्तूल म्हणजे सोपं. प्रकार उलटा आहे. नळी आखूड, त्यामुळे नेम चुकायला जराशी थरथर पुरते. वजन कमी, म्हणून झटका जास्त. मूठ इतकी लहान की करंगळीला जागा नाही. मनगट सैल पडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पिस्तूल अडकतं. लपवायला सोयीचं तेवढंच चालवायला कठीण. अमेरिकेत सर्रास सांगतात, नव्या पिस्तुलावर भरवसा ठेवण्याआधी दोनेकशे गोळ्या झाडून बघा. आपल्याकडे परवान्यावरच काडतुसांची संख्या ठरलेली, काडतूस महाग, आणि रेंज सोडून दुसरीकडे झाडता येत नाही. त्यामुळे बहुतेकांचं पिस्तूल तिजोरीतून कमरेला, कमरेवरून तिजोरीत. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा.

कायद्यात शिकण्याची सोय नाही असं नाही. 2016च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. सुरक्षित हाताळणी, साठवण, गोळीबाराचं तंत्र हे सगळं त्यात येतं. पण 2019च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. एकदा घेतलेलं प्रशिक्षण पाच वर्षं हातात टिकतं का? आपली राही सरनोबत, 2018च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणणारी कोल्हापूरची मुलगी. या पातळीच्या नेमबाजाचाही सराव सुटला तर हात जातो. मग आपण कोण लागून गेलो?

आता 2024 आठवा. 2 फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गोळीबार झाला आणि आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. सहाच दिवसांनी, 8 फेब्रुवारीला, आपल्या शेजारी बोरिवली-दहिसरच्या हद्दीत फेसबुक लाइव्ह सुरू असताना अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मॉरिस नरोन्हाने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. 1 ऑक्टोबरला पहाटे जुहूत गोविंदा यांच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात घुसली. रिव्हॉल्व्हर खाली पडलं आणि गोळी सुटली, असं सांगण्यात आलं.

तिन्ही घटना वेगवेगळ्या. पहिल्या दोन सरावाने टळल्या असत्या असं मी म्हणत नाही, तिथे प्रश्न रागाचा आणि वैराचा आहे. पण एक गोष्ट बघा. हत्यार बेकायदा असतं तेव्हाच धोका, ही आपली समजूत या एका वर्षाने मोडीत काढली. दुसऱ्याच्या हाती लागेल असं ठेवलेलं हत्यार आणि नीट न हाताळलेलं हत्यार, दोन्हीमागे शिस्तीचाच प्रश्न आहे.

सुभेदारांनी शेवटी एक नियम सांगितला: लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय चाप दाबायचा नाही. परत येताना मी तोच विचार करत होतो. मालाडमध्ये मागे मोकळी जागा आहे कुठे? कुरारमध्ये पत्र्याच्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी पोर अभ्यास करत असतं. मालवणीत गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली. एस. व्ही. रोडवर संध्याकाळी माणसाला माणूस घासतो. शेठच्या पाचपैकी ज्या तीन गोळ्या कागदाला लागल्या नाहीत, त्या रेंजवर मातीत गेल्या. दुकानासमोर त्या कुठे गेल्या असत्या?

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय, भारतीय न्याय संहितेतही कलम 34 ते 44 त्यासाठीच आहेत. खंडणीचा फोन ज्याला येतो त्याची भीती खरी असते, तिची टिंगल मला करायची नाही. पण हक्काबरोबर हात तयार हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परवान्याचं नूतनीकरण करताना लक्ष्यावर गोळ्या झाडून दाखवणं सक्तीचं करा. सरावाच्या काडतुसांचा वेगळा कोटा द्या, रेंजवरच विकत घ्या आणि रेंजवरच संपवा. पश्चिम उपनगरांत परवानाधारकांसाठी परवडणारी, देखरेखीखालची सोय करा. आणि खासगी अंगरक्षकांना आधी लावा ही परीक्षा, कारण ते रोज गर्दीत फिरतात.

शेठ अजून महिन्यातून एकदा जातात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "भाऊ, आता पाचातल्या चार लागतात. पण खरं सांगू, आता ते कमरेला लावायलाच भीती वाटते."

ही भीती प्रत्येक परवान्यासोबत मिळायला हवी.

तुमच्या ओळखीत कुणाकडे लायसन असेल तर त्याला एवढंच विचारा, शेवटची गोळी रेंजवर कधी झाडलीस? उत्तर काय आलं ते खाली लिहा. नावं नकोत.