बिनबिल्ल्याचा एसयू

एसयू कार्बुरेटरची जन्मपत्रिका डॅशपॉटच्या, म्हणजे पिस्टनवरच्या घुमटाच्या, एका स्क्रूखाली अडकवलेली असते. ॲल्युमिनिअमचा छोटासा बिल्ला, त्यावर ‘एयूसी’ किंवा ‘एयूडी’ ही अक्षरं आणि पुढे आकडे. आकडे यादीत लावून पाहिले की कार्ब कुठल्या गाडीसाठी निघाला, त्यात कुठली सुई, कुठली स्प्रिंग, सगळं हाती येतं. पण डॅशपॉट उघडला की सगळ्यात आधी गहाळ होतो तो हाच बिल्ला. त्यामुळे पुण्यातल्या एका गॅरेजात, जुने कार्ब ओळखून देणाऱ्या मामांच्या टेबलावर येणारे बहुतेक एसयू बिनबिल्ल्याचेच असतात.

मालक मंडळी मोबाइलवर बॉडीचा फोटो काढून आणतात. ‘‘हा बघा नंबर, एयूसीच लिहिलंय.’’ तो आकडा नुसत्या ओतीव बॉडीचा. तीच बॉडी कितीतरी गाड्यांना लागलेली. मामा हे दर वेळी शांतपणे समजावतात आणि समजावताना कार्ब हातात फिरवत राहतात. खरं तर तोवर निम्मं काम झालेलं असतं. कार्बच्या तोंडात अंगठा घातला की माप कळतं. मॉडेलचा आकडा म्हणजे एका इंचावर किती अष्टमांश: दोन म्हणजे सव्वा इंच, चार म्हणजे दीड, सहा म्हणजे पावणेदोन, आठ म्हणजे दोन. फ्लोट चेंबरमधून जेटकडे नायलॉनची नळी गेली असेल तर एचएस, फ्लोट चेंबर पोटातच असेल तर एचआयएफ. एचआयएफ४४सारखे काही मात्र अपवाद, ते थेट मिलिमीटरमध्ये बोलतात.

तरी ते लगेच सांगत नाहीत. हात पुसतात, चहा मागवतात आणि स्किनर बंधूंची गोष्ट काढतात. लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या जोड्यांच्या व्यापारी घराण्यातली ही भावंडं. १९१० साली कंपनी निघाली, ‘स्किनर्स युनियन’चं झालं एसयू. सुरुवातीच्या कार्बमध्ये आजच्या पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. ऐकणारा हसतो, आणि मग मामा सहज सुचल्यासारखं म्हणतात, ‘‘एचएस२ आहे हा.’’ हा थोडा नाटकीपणा आहे हे त्यांना ठाऊक आहे. तो त्यांना आवडतो, हेही ते कबूल करतात.

गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरू लागला आणि नाटकाचा दुसरा अंक अडला. बाहेरून ओळख पटवायला थरथरता हात चालतो. सुई ओळखायला चालत नाही.

कारण एसयूची खरी ओळख सुईत असते: पिस्टनबरोबर ती वर-खाली होते आणि जेटमधून किती पेट्रोल जाईल ते तिची जाडी ठरवते. सव्वा इंची एचएस२ मॉरिस मायनरलाही होता आणि १९५९ च्या पहिल्या मिनीलाही. जेट तेच, ०.०९० इंचाचं. १०९८ सीसीच्या मायनरला सुई ‘एएन’, ८४८ सीसीच्या मिनीला ‘ईबी’. अक्षरं कोरलेली असतात ती पिस्टनमध्ये दडलेल्या दांड्यावर, तीही डोळ्याला जेमतेम दिसतील इतकी. कुणी पक्कडीनं धरून सुई ओढली असेल, तर तीही गेली. मग उरतो मायक्रोमीटर. खांद्यापासून दर अष्टमांश इंचावर जाडी घ्यायची आणि तक्त्याशी ताडायची. पुष्कळ सुया पहिल्या काही मापांत जवळजवळ सारख्याच असतात. आयडलिंगला गाडी कुठल्याही सुईवर गोड चालते. फरक पडतो तो चढावर, पिस्टन वर उचलला गेल्यावर.

अशीच एक क्रीम रंगाची मायनर १००० आली. इंजिन १०९८, कार्ब एचएस२, बिल्ला नाही, सुईची अक्षरं पुसलेली. मामांनी मायक्रोमीटर धरला. एकाच जागी तीन वेळा तीन आकडे आले. शेजारी उभी असलेली भाची, आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन आलेली, काही बोलली नाही. तिनं मायक्रोमीटर फक्त आपल्या हातात घेतला.

खालच्या टोकाकडची मापं एएनपेक्षा बारीक भरली. ‘‘एएनच आहे,’’ मामा म्हणाले. ‘‘कुणीतरी एमरीनं घासलीय.’’

‘‘मामा, जेट सेंटरला नसेल. सुई एका बाजूनं झिजलीय.’’

पेच असा, की मायक्रोमीटर सुई आज काय आहे ते सांगतो. ती कारखान्यातून काय म्हणून निघाली हे त्याला कसं कळावं? भाचीनं सुई पाव फेरा फिरवली आणि प्रत्येक मापाला दुसरा आकडा घेतला. वरच्या भागात दोन्ही आकडे वेगळे आले, म्हणजे तिथं एकतर्फी झीज. खाली दोन्ही सारखे, पण तक्त्यापेक्षा कमी. एका बाजूची झीज अशी गोल होत नाही; ड्रिलच्या चकमध्ये धरून घासलेली सुईच अशी उतरते. दोघंही बरोबर निघाले. मामांना मात्र अर्धा विजय गोड लागला नाही.

आयातबंदीच्या वर्षांत सुट्टे भाग मिळत नसत, तेव्हा सुई घासून मिश्रण ‘रिच’, म्हणजे जास्त पेट्रोलचं, करणं हे गॅरेजातलं मानाचं काम होतं. मामांनी स्वतः कितीतरी सुया अशा उतरवल्या आहेत. ही आपल्याच हातची असावी असं त्यांना मनातून वाटत होतं, आणि गोलाई इतकी साफ आहे हे त्यांनी भाचीला दोनदा दाखवलं.

आज सॉल्सबरीच्या ‘बर्लेन’कडून नवी सुई, नवं जेट, अख्खा नवा एसयू मागवता येतो. नवा बिल्लासुद्धा मिळतो. मामांचा राग या बिल्ल्यावर आहे: हवा तो नंबर मागवा, स्क्रूखाली दाबा, की मुंबई-पुण्याच्या कुठल्याही रॅलीत कार्ब ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवायला मोकळा. दुसरा राग डॅशपॉट आरशासारखा चकचकीत करणाऱ्यांवर. पॉलिशवाल्याकडे दोन डॅशपॉट एकदम गेले की पिस्टनची अदलाबदल झालीच म्हणून समजा. डॅशपॉट आणि पिस्टन जोडीनं बसवलेले असतात, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसतं. आणि जे सरळ एसयू काढून मारुतीचा कार्ब चढवतात, त्यांच्याबद्दल मामा चारचौघांत बोलत नाहीत.

मायनरला नवी एएन आणि नवं जेट बसलं. जुन्या कात्रज घाटात एकदा नव्या सुईवर, एकदा जुन्या सुई-जेटवर, अशा दोन फेऱ्या झाल्या. भाचीनं वर पोचताच इंजिन बंद करून प्लग काढले: नवीवर फिकट तपकिरी, जुनीवर काजळी. तिच्या लेखी विषय संपला. मामा म्हणतात, प्लग काळे असतील, पण जुन्या सुईवर तिसऱ्या वळणाला गाडीनं जो जोर धरला तो नवीवर नाही. थोडं रिच मिश्रण जास्त ताकद देतं हे तर तिच्याही पुस्तकात आहे. ‘‘थोडं, मामा. हे थोडं नाही,’’ ती म्हणते. मालकानं भाचीची बाजू घेतली, वर बिल्ल्याचीही ऑर्डर देऊन टाकली. मामांनी आता गाडीत चार माणसं बसवून तिसरी फेरी मागितली आहे, आणि मायक्रोमीटर घेऊन भाचीनंही सोबत यावं अशी अट घातली आहे.