७२ पाइंट, तीन दिवस

लंडनमधल्या मराठी मंडळींचा एक शिरस्ता आहे. मे महिन्यात सलग चार दिवस ऊन पडलं की तीन-चार गाड्या काढून कॉट्सवोल्ड्सला जायचं. मधाच्या रंगाच्या दगडी घरांसमोर फोटो काढायचे, ओढ्यातली बदकं मुलांना दाखवायची, कार पार्कमध्ये डिकी उघडून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं काढायचं आणि हायवेवर गर्दी व्हायच्या आत परतीला लागायचं. सहल मजेत होते. फक्त गावाच्या मध्यभागी, बहुधा चर्चपासून हाकेच्या अंतरावर, सिंह किंवा हंस रंगवलेली पाटी ज्या दारावर लटकत असते, त्या दारातून आमच्यापैकी कुणी आत जात नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘आपण कुठे पितो?’

मला याची मनापासून हळहळ वाटते. इंग्लंडच्या खेड्यात परक्या माणसाला टेकायला दुसरी जागाच उरलेली नाही. घरांची दारं लावलेली, कुंपणं नीट कातरलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कित्येक गावांतलं दुकान गेलं, पोस्ट गेलं. माणसं भेटतात ती पबमध्ये. कुणाच्या मेंढ्या रस्त्यावर आल्या, ओढ्याचं पाणी यंदा कुठपर्यंत चढलं, पलीकडच्या शेतात नवी घरं बांधायला परवानगी मिळणार की नाही, हे सगळं तिथे काउंटरशी उभं राहिलं की कानावर येतं. ते ऐकायला बिअर प्यावीच लागते असं नाही. लाइम-सोडा घेऊन दोन तास बसलं तरी कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही.

संकोच कुठून येतो ते मला कळतं. आम्ही वाढलो त्या गावांत दारूची जागा म्हणजे परमिट रूम. दारूबंदीच्या कायद्यानं पिणाऱ्याला परवाना काढायला लावला, त्यातून हे नाव आलं आणि नावाबरोबर काळ्या काचा, दिवसाउजेडीही अंधार आणि आत फक्त पुरुष हे सगळं पक्कं झालं. त्या बाजूचा फुटपाथसुद्धा आम्हा मुलींना वर्ज्य होता. त्यामुळे आई-बाबा इथे आले आणि जेवायला पबमध्ये जाऊ या असं मी म्हणाले, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, ‘अगं, तिथं बायका जातात तरी का?’

जातात. आज्या जातात, तान्ही बाळं जातात, कुत्री तर टेबलाखाली हक्कानं झोपतात. पण आईचा प्रश्न या देशालाही लागू होता, तोसुद्धा फार जुन्या काळी नव्हे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल विनो नावाचा पत्रकारांचा आवडता बार होता. तिथे बायकांनी काउंटरपाशी उभं राहून पेय मागायचं नाही, मागच्या खोलीत जाऊन बसायचं, असा नियम होता. दोघीजणी कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये अपील कोर्टानं तो नियम बेकायदा ठरवला. आपल्या रंगाच्या माणसांना काही पबमध्ये ठरावीक खोल्यांत येऊ देत नसत. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यानं त्याला बंदी आली. हे दार आपल्यासाठी कुणीतरी भांडून उघडलेलं आहे. म्हणून त्यातून आत जाणं मला अगत्याचं वाटतं.

माझा सगळ्यात आवडता पब बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावात आहे, बेल इन. पॅडिंग्टनहून गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनला उतरायचं, थेम्सवरचा पूल ओलांडायचा आणि डाउन्सच्या टेकड्यांमधून तास-सव्वा तास चढत जायचं. गावातल्या चर्चमध्ये डे ला बेश घराण्यातल्या माणसांचे चौदाव्या शतकातले नऊ अवाढव्य दगडी पुतळे आहेत. ते बघून बेलमध्ये शिरलं की आत काउंटरच नाही! भिंतीत काचेची एक खिडकी आहे. तिच्यातून ग्लास आणि ताटल्या बाहेर येतात. दोनशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे असलेल्या या पबला ‘कॅम्रा’ या ग्राहक संघटनेनं १९९० मध्ये देशातला सर्वोत्तम पब ठरवलं आणि २०१९ मध्ये पुन्हा. खायला मुख्यतः गरम, कडक सालीचे पाव, आत भरपूर सारण. चालून दमलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं. या साधेपणावर माझा जीव आहे.

कॅम्रा ही १९७१ साली चार मित्रांनी सुरू केलेली चळवळ. त्या काळी मोठ्या ब्रुअऱ्या पारंपरिक बिअर बंद करून गाळलेली, निर्जीव केलेली, वरून वायू भरलेली बिअर सगळीकडे पाठवत होत्या. जुन्या पद्धतीची बिअर टिकावी म्हणून हे लोक उभे राहिले आणि ती टिकली. त्यात टिकवण्यासारखं काय होतं, हे मला नीट उलगडलं ते बाबांमुळे.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, पण मळीपासून अल्कोहोल कसं होतं ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. चिल्टर्न टेकड्यांतल्या एका छोट्या पबमध्ये आम्ही बसलो होतो. आई-बाबांसाठी प्लाउमन्स लंच मागवलं होतं. जाड पावाचा तुकडा, चेडरची वडी, व्हिनेगरमधला कांदा, आंबटगोड लोणचं, सफरचंदाच्या फोडी. १९५० च्या दशकात रेशनिंग संपल्यावर चीजचा खप वाढवायला हे नाव सगळीकडे पसरवलं गेलं, पण पाव-चीज-कांदा हे शेतावरच्या माणसाचं जेवण त्याहून कितीतरी जुनं. बाबांनी कांदा मुठीनं फोडायचा प्रयत्न केला, तो निसटला, आणि ते म्हणाले, ‘ही आपली कांदा-भाकरच की गं!’ मग त्यांची नजर काउंटरवरच्या लाकडी दांड्याकडे गेली. पब चालवणारी बाई, म्हणजे लँडलेडी, तो दोन-तीनदा सावकाश ओढायची आणि ग्लास भरायचा. ‘बिअर येते कुठून?’ त्यांनी विचारलं. मी तिला विचारल्यावर तिनं हात पुसले आणि आम्हाला सरळ तळघरात नेलं.

विटांच्या पायऱ्या, मान वाकवूनच उभं राहता येईल असं छत, ओल्या चुन्याचा वास. तापमान अकरा ते तेरा अंशांच्या मधे ठेवलेलं. घडवंचीवर पिंपं आडवी मांडलेली. ही बिअर ब्रुअरीतून येते तीच जिवंत. पिंपात यीस्ट असतं, आंबणं चालू असतं. पिंपाच्या पोटावरच्या बुचात मऊ लाकडाची एक बारीक खुंटी ठोकतात. तिच्या रंध्रांतून वायू फसफसत बाहेर येतो. फेस निवला की ती काढून कडक लाकडाची खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. मग गाळ तळाशी बसेपर्यंत पिंपाला धक्कासुद्धा लावायचा नाही. बाबा एका पिंपावर वाकले, खुंटीभोवती फुटणारे बुडबुडे बघितले, वास घेतला आणि म्हणाले, ‘याचं फर्मेंटेशन अजून चालू आहे.’ मी सांगायच्या आतच ‘फर्मेंटेशन’ ऐकून बाईंनी मान डोलावली. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला नळ लावणार नाही, म्हणाल्या.

नळ ठोकला, हवा आत गेली की दिवस मोजायला लागायचं. तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे. त्यानंतर चव उतरत जाते आणि शेवटी बिअर आंबट होते. नेहमीचं पिंप, ज्याला फर्किन म्हणतात, नऊ गॅलनचं. म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. बाबांनी जागच्या जागी हिशोब केला. ‘एका नळाचे रोज चोवीस ग्लास. गावात माणसं किती?’ बाई म्हणाल्या, तीनेकशे असतील, पण हिवाळ्यात मंगळवारी रात्री दहा माणसं आली तरी खूप. मग त्या दिवसांत त्या एकच नळ चालू ठेवतात, निम्म्या आकाराची पिंपं मागवतात आणि तरीही काही मोरीत ओततात. वायू भरलेली कारखान्याची बिअर ठेवली तर ती आठवडे टिकेल, कष्ट वाचतील. ‘पण मग मी इथे काय करते?’ असं त्यांनी विचारलं. बाबांना तो प्रश्न आवडला. गळिताच्या हंगामात रात्रपाळी केलेला माणूस होता तो.

आम्ही वर आलो तरी बाबांचं डोकं त्याच गणितात अडकलेलं. त्यात भर म्हणजे अनेक पबची इमारत एखाद्या कंपनीच्या मालकीची असते आणि चालवणारा नुसता भाडेकरू. भाडं भरून वर बिअरही मालक सांगेल त्याच्याकडून, तो सांगेल त्या भावानं घ्यायची. १९८९ मध्ये सरकारनं मोठ्या ब्रुअऱ्यांच्या हातात किती पब बांधलेले असावेत यावर मर्यादा घातली. त्यातून हजारो पब ब्रुअऱ्यांच्या हातून सुटले आणि निव्वळ मालमत्तेचा धंदा करणाऱ्या कंपन्यांकडे गेले. चालवणाऱ्याचं ओझं काही हललं नाही. जिथे हिशोब जुळत नाही तिथे पाटी उतरते आणि इमारतीचं घर होतं. मग त्या गावात संध्याकाळी जायला जागा राहत नाही.

नॉर्थ यॉर्कशरमधल्या हड्सवेल गावातला जॉर्ज अँड ड्रॅगन २००८ मध्ये असाच बंद पडला. गावकऱ्यांनी पैसे गोळा करून २०१० मध्ये तो विकत घेतला. आत छोटं वाचनालय केलं, किराणा दुकान टाकलं, मागच्या जमिनीत भाजीचे वाफे पाडून लोकांना दिले. २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून कॅम्रानं तोच निवडला. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटमधला ओल्ड क्राउन तर त्याच्या गिऱ्हाइकांनी त्याही आधी, २००३ मध्ये, सहकारी तत्त्वावर घेतला होता. पुढे २०११ च्या कायद्यानं गावांना एक सोय करून दिली. पब विक्रीला निघाला आणि तो गावाच्या मोलाची जागा म्हणून नोंदलेला असला, तर पैसे उभे करायला गावाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे शेअर काढले, सभासद केले!’ त्यानंतर तासभर ते आणि शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे शेतकरी माझ्यामार्फत बोलत होते. ऊस आणि बीट, दोन्हीकडचा भाव, दोन्हीकडचा पाऊस. आई शेतकऱ्याच्या कुत्र्याला चीजचे तुकडे चारत होती.

आता आपल्या जिभेचं आणि पथ्याचं. फळ्यावर खडूनं लिहिलेले पाच-सहा पदार्थ दिसले तर बिनधास्त बसावं. लॅमिनेट केलेल्या कार्डावर लझान्यापासून करीपर्यंत चाळीस नावं असतील तर फ्रीजरमधलं मायक्रोवेव्ह करून मिळेल, हे धरून चालावं. रविवारचा रोस्ट गोमांसाचाच असतो असं नाही. कोंबडी किंवा कोकरूही मिळतं आणि शाकाहारी माणसाला नट रोस्ट. बटाटे मात्र कशात भाजलेत ते विचारा. उत्तरेकडे चिप्ससुद्धा गोमांसाच्या चरबीत तळायची पद्धत अजून आहे. जुन्या पद्धतीच्या काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं आणि पिंपातली बिअर नितळ व्हावी म्हणून माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं इझिंग्लास घालतात. हे विचारलं तर कुणी चिडत नाही, उलट आत जाऊन बघून येतात. यॉर्कशर पुडिंग हे नाव ऐकून गोड समजू नका. ते अंडं-मैद्याचं, फुगलेलं आणि खमंग असतं, त्याच्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची. गोड हवं असेल तर स्टिकी टॉफी पुडिंग. खजूर घातलेला गरम केक, वर टॉफीचा सॉस. माझ्या मुलांना चालण्याच्या शेवटच्या मैलात तेवढं नाव पुरतं.

ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. रांग दिसत नाही, पण आधी कोण आलं हे देणाऱ्याला आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चौघं एकत्र गेलात तर आळीपाळीनं एकेकानं सगळ्यांचं आणायचं. आपल्या खेपेला कधी गायब होऊ नये. अनोळखी माणूस काउंटरशी हवामानाबद्दल बोलला तर दोन वाक्यं जास्तीची बोलावीत, तो बोलायचं म्हणूनच बोललेला असतो.

त्या लँडलेडीचा हिशोब माझ्या मनातून जात नाही. मे महिन्यातल्या रविवारी तिच्याकडे टेबल मिळत नाही. आम्ही गेलो नाही तरी तिचं अडत नाही. तिची नड नोव्हेंबरच्या मंगळवारी, चारलाच अंधारून आल्यावर. म्हणून यंदा मी आमच्या ग्रुपवर सहलीचा मेसेज तसाच टाकला आहे. पुढच्या मंगळवारी ऑफिस सुटलं की मॅरिलबोनहून गाडी, स्टेशनपासून अर्धा मैल चिखलाची वाट, टॉर्च आणि जुने बूट आणा, डबा आणू नका. आत्तापर्यंत नऊ जण येतो म्हणालेत. त्यातले पाच लाइम-सोडावाले आहेत.