डूख

आत्ये,

मृग लागला. काल फोनवर तू सांगितलंस, दोडकी-पडवळाच्या बिया टोचून झाल्या, मांडवाला नवे वासे घातले, न्हाणीच्या पाण्यावरचं अळू आत्ताच गुडघ्याला लागतंय. मी म्हटलं, "वा!" आणि मग विचारलं, परड्यात जाताना बूट घालतेस ना? तर "रेंज नाय गो" म्हणून तू फोन ठेवलास. तुझा आवाज इथे पुण्यात खणखणीत ऐकू येत होता.

म्हणून पत्र लिहितेय. पत्राला रेंज लागत नाही.

दिवाळीत पाठवलेले गमबूट तू खोक्यासकट माळ्यावर ठेवलेस, हे शेजारच्या सुमनने मला कधीच सांगितलंय. "नवे आसत, चिखलात कशाक घालू?" असं म्हणालीस म्हणे. मग कुठे घालायचे गमबूट, कुणकेश्वराच्या जत्रेला?

साप डूख धरतो म्हणतात. त्याला बिचाऱ्याला काय डूख धरता येतोय! कोणी दगड मारला, कोणी वाट दिली, त्याच्या लक्षात राहत नाही. डूख माणूस धरतो. गेल्या श्रावणापासून मी धरून बसलेय, आणि तो फुरशावर नाही, तुझ्यावर.

फुरसं त्याच्या जागी होतं. गडग्याच्या कडेला तू वर्षभराची सोडणं रचून ठेवतेस, त्या ढिगाखाली ओल, ओलीला किडे, गोमी, बेडकं, आणि त्या सगळ्यांच्या मागून ते. वीत-दोन वीत लांबीचं, रंगाने थेट सोडणाचं. एरवी वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखं खरखरून तरी दाखवतं. पण त्या सकाळी पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तुला काय ऐकू येणार? मिरचीच्या रोपांना घालायला म्हणून तू ढिगात हात घातलास, अनवाणी उभी राहून, आकडी भिंतीला टेकवून ठेवून. तर्जनीला लागलं. सात वाजले होते.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. पुढचं आठव. सुंभ घेऊन तू मनगट करकचून आवळलंस, वर चुना-हळद थापलीस, आणि चुलीवर पेज ठेवलीस. सुमनने विचारलं तेव्हा म्हणालीस, "काटो लागलो." वर तिच्या मुलाला काठी देऊन गडग्याकडे पिटाळलंस, कशाला ते न सांगता! नुसतं "काय दिसता काय बघ." त्यालाही लागलं असतं म्हणजे?

अकरा वाजता सुमनला दिसलं की तू थुंकतेस ते लाल आहे. "आत्ये, आज सकाळीच पान?" तिने विचारलं. तू मान हलवलीस म्हणे. पान खाल्लंच नव्हतंस तू. पान लागलं होतं. रक्त हिरड्यांतून येत होतं.

चार तास, आत्ये.

रुग्णालयात पोचेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता. बोटातलं तांब्याचं वेढणं कापून काढावं लागलं. सुंभ त्यांनी लगेच सोडला नाही, आधी सलाईन, औषध, मग सावकाश. आवळल्याने फुरशाचं विष तिथल्या तिथे मांस जास्तच खातं, आणि एकदम सोडलं तर एकदम पुढे जातं, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. सुंभ सुटला, पीळ मात्र गेला नाही. त्या अवस्थेतही तू विचारत होतीस, "कोंबयो कोण कोंडतला?"

दुपारी काचेच्या नळीत घेतलेलं तुझं रक्त २० मिनिटांनी तिरकं केलं तेव्हा ते पाण्यासारखं वाहिलं. हे सुमनने पाहिलं आणि ती बाहेर जाऊन रडली. संध्याकाळीही तेच, म्हणून औषधाच्या आणखी बाटल्या लावल्या. रात्री एकची नळी मी पाहिली. तू ग्लानीत होतीस, तुला ठाऊक नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी, तळाशी दोन मिलिलीटर रक्त, आणि तिला २० मिनिटं कोणी धक्का लावायचा नाही. विरजण लावल्यावर तू भांड्याला हात लावू द्यायची नाहीस ना, तसं. मी त्या टेबलासमोर उभी होते आणि शेजारून कोणी चाललं तरी मला राग येत होता. डॉक्टरांनी नळी उचलली, तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही. लागलं होतं, घट्ट, कवडीसारखं. मी आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलं नाही, हे तुला तोंडावर कधी सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्या बाटलीत काय असतं हे तेव्हा कुठे समजलं. पांढरी भुकटी, पाण्यात विरघळवून सलाईनमधून देतात. घोड्याला थोडंथोडं विष टोचत जायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून शुद्ध करायचा. आपल्या परळचं हाफकिन हे वर्षानुवर्षं करत आलंय. आणि विष कुठून येतं? बरंचसं मद्रासजवळच्या इरुळा लोकांकडून. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी माणसं, १९७८ साली त्यांची सहकारी सोसायटी निघाली. आपल्याकडे आंब्याची सोसायटी, त्यांच्याकडे विषाची. एकच औषध चौघांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. म्हणून जनावर मारून डॉक्टरांना दाखवायची गरज नसते. सुमनच्या पोराला काठी देण्याचीही नव्हती. फक्त वेळेत जावं लागतं.

आणि मुळात जनावरापासून जपायचं कसं, हे मला कोणी शिकवलं गं? मी सात वर्षांची असेन. तिन्हीसांजेला कोथिंबीर आणायला पाठवायचीस तेव्हा हातात बॅटरी आणि काठी. "काठी आपट. थांब. मगे पाय टाक." सापाला बाहेरून कान नसतो, जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तू ते पुस्तकाशिवाय शिकवलंस. भोपळ्याचं पान हाताने उचलायचं नाही, आकडीने. काकडी तोडताना आधी वर मांडवात बघायचं. एकदा पडवळ म्हणून मी हात घालणार तेवढ्यात ते पडवळ हललं. हरणटोळ! मी किंचाळले, टाळू फोडते ना ती? तू हसलीस. म्हणालीस, ती सरडे खाते, तुझी टाळू तिला काय करायची? मग मला बाजूला ओढून त्या हिरव्या दोरीला म्हणालीस, "जा बाय, वाट आसा." तुझ्या परड्यात कधी जनावर मारलं गेलं नाही, हे मी पुण्यात सगळ्यांना मिरवून सांगते.

एकच मेलं, तेही तुझ्या हातून नाही. वानरांसाठी म्हणून कुंपणाला मासेमारीचं जुनं जाळं बांधलंस, त्यात धामण अडकली. सकाळी सापडली तेव्हा जाळं तिच्या अंगात रुतलेलं. त्या वर्षी उंदरांनी तुझी कणगरं खाऊन टाकली आणि तू जाळ्याला शिव्या देत होतीस. अजून ते जाळं तिथेच आहे की नाही? काढ. उंदीर वाढले की त्यांच्यामागे कोण येतं हे मी तुला सांगायचं का?

आजोबा सांगायचे, इंग्रजांच्या काळात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली) फुरशामागे सरकार बक्षीस द्यायचं. लोकांनी ढिगांनी मारली. संपलं का फुरसं? सडा आहे, कातळ आहे, तोवर ते राहणारच. सुमन म्हणते, तू हल्ली न्हाणीपासून गडग्यापर्यंत फिनेल शिंपडतेस आणि लसणीच्या माळा टांगतेस. घर स्वच्छ वाटेल, फोडणीला लसूणही हाताशी राहील. जनावराला मात्र त्याचं काही नाही. त्यापेक्षा तो सोडणांचा ढीग हलव. खळ्याच्या पलीकडे, चार चिऱ्यांवर फळ्या टाकून वर रच, खालून उजेड दिसला पाहिजे. न्हाणीचं पाणी अळवात साचू देऊ नकोस, पाट काढून दे. गडग्याच्या कडेचं गवत कापायला माणूस लाव, पैसे मी पाठवते. तू कापायचं नाहीस.

हे सगळं तुला माहीत आहे. तेच तर मला वर्षभर खुपत होतं. मला काठी देणारी बाई स्वतः अनवाणी ढिगात हात घालते, आणि लागल्यावर चार तास गप्प बसते. कशासाठी? रिक्षाच्या भाड्यासाठी? मला सुट्टी घ्यावी लागेल म्हणून?

उत्तर तू दिलं होतंस. मलाच ते फार उशिरा कळलं.

त्या रात्री, नळी लागल्यानंतर, तुला औषधाने थंडी भरली होती. मी पांघरूण धरून बसले होते. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बाळाचे डोळे मिटत होते गो. माका वाटला, झोप येता." बस, एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, मीही नाही.

बाळाकाका सहा वर्षांचा होता, तू अकराची. मला माहीत होतं ते एवढंच की तो पोटदुखीने गेला. पडवीत, सारवलेल्या जमिनीवर तुम्ही सगळी भावंडं झोपलेली. मध्यरात्री तो उठून "आये, पोटात दुखता" म्हणाला. आजीने ओवा दिला. पहाटे त्याला पापण्या उचलवेनात. सूज नाही, रक्त नाही, दाताची खूणही धड नाही. मण्यार अशीच चावते. रात्री, निजलेल्याला, आणि बहुतेकदा दुखतसुद्धा नाही. तेव्हा कोणाला काय कळणार होतं, आत्ये? अकरा वर्षांच्या मुलीला तर काहीच नाही.

मे महिन्यात आम्ही सगळी पोरं जमलो की तू रात्री पुन्हापुन्हा उठायचीस आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचायचीस. चौफेर, दोनदोनदा. खाली कोणाला झोपू द्यायची नाहीस. आम्ही हसायचो, आत्तेला डासांचं वेड आहे. डास!

आणि गेल्या श्रावणात सुमनने मला आणखी एक सांगितलं होतं, त्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. म्हणाली, त्या सकाळी आत्ते सारखी आरशात बघत होती. आता कळतंय, तू पापण्या बघत होतीस. पोटात दुखत नाही, डोळे उघडे आहेत, म्हणजे हे ते नव्हे. तुला पान लागून झालेलं एकच मरण ठाऊक होतं, आणि तू त्याची वाट बघत होतीस. फुरसं पापण्यांना हात लावत नाही गं. ते रक्त पातळ करतं, मूत्रपिंडं बिघडवतं, हळूहळू. आरशात ते दिसतं हिरड्यांत, आणि तिथे तुझ्या पानाचा रंग होता.

अभ्यासकांचा हिशेब मी वाचला. २००० ते २०१९ या २० वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजार. त्यांतली पाव हिश्शाहून जास्त १५ वर्षांखालची. बाळाकाका त्या हिशेबात नाही, तो फार आधीचा. ओव्याच्या काढ्याचा तो दिवस तुझ्याशिवाय आता कोणाला आठवतही नाही.

म्हणजे डूख सोडला का मी? अर्धा सोडला. उरलेला अर्धा बुटांवर अवलंबून आहे.

पुन्हा कधी लागलंच, तर काटा म्हणायचं नाही. आरशात बघायचं नाही. हातापायात असेल-नसेल ते वेढणं, बांगडी आधी उतरव, हात झोळीत घालून स्वस्थ बस आणि सुमनला हाक मार. ती १०८ लावेल, नाहीतर पोराची रिक्षा आहेच. सुंभ नको, चुना नको, देवळाकडच्या त्या मंत्रवाल्याला तर मुळीच नको. त्याचे बरे झालेले लोक बहुतेक धामण नाहीतर दिवड चावलेले असतात, ते ओवा खाऊनही बरे झाले असते. आणि घरात जनावर शिरलं तर वनखात्याचा १९२६ हा नंबर मी सुमनच्या भिंतीवर खडूने लिहून आलेय. तुझ्या भिंतीवर लिहिला असता, पण तू पुसला असतास.

गणपतीला येतेय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी. खळ्यात बूट दिसले पाहिजेत, आणि चिखलाने माखलेले दिसले पाहिजेत. नळाखाली धुऊन मला फसवू नकोस. रात्री बाहेर राहिले असतील तर सकाळी पाय घालायच्या आधी उलटे करून दोनदा आपट, आत काय बसलेलं असेल सांगता येत नाही.

नवी मच्छरदाणी घेऊन येतेय, जुनीला भोकं पडलीत. खोचायची तू.

तुझी,
बेबी