डायरेक्ट केलेला फॅन आणि पाच रुपयांचं थिंबल

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. जुनी पेट्रोल व्हॅन असेल आणि तिच्यातूनच माल मार्केटला जात असेल, तर वाचा.

मागच्या टोमॅटोच्या सीझनला आमच्या व्हॅनचा रेडिएटर फॅन लागेना. हायवेला काटा मधोमध. पण पिंपळगाव बसवंतला गेटवर रांगेत उभं राहिलं की दहा मिनिटांत काटा लालकडे. इंजिन सीटखाली, त्यामुळं काट्याच्या आधी बुडालाच कळतं. तेव्हाच समजायला हवं होतं. पळत्या गाडीत वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत फॅनच करतो. उभं राहिल्यावरच तापते म्हणजे आधी फॅन बघायचा. पळतानाही तापत असेल तर पाणी, थर्मोस्टॅट नाहीतर चोकलेला रेडिएटर.

गॅरेजवाला म्हणाला, "मोटर चांगलीये, ऑटोमॅटिक गेलंय. डायरेक्ट करून देतो." बॅटरीवरून दोन नव्या वायरी ओढल्या, स्टेअरिंगखाली बटण बसवलं. फॅन गरागरा फिरला, मी खूश. वर्षभर बटण दाबून गाडी चालवली.

यंदा थोरला पोरगा बावीस क्रेट घेऊन गेला. रांगेत फोनवर भाव विचारत बसला, बटण राहिलं. हेड गास्केट गेलं. हेड फेसिंग, गास्केट, ऑइल, मजुरी धरून साडेआठ हजार. माल दुसऱ्याच्या पिकअपमध्ये टाकेपर्यंत लिलाव उरकत आलेला. मी त्याला चारचौघांत नको ते बोललो आणि गाडीची चावी काढून घेतली.

रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "पप्पा, विहिरीच्या मोटरीचं पण आपण असंच केलं होतं ना?"

घास तोंडात राहिला. दोन वर्षांपूर्वी स्टार्टर सारखा ट्रिप व्हायचा. पाणी भरायची घाई, म्हणून मीच वायरमनला ओव्हरलोड रिले बायपास करायला लावला. आठवड्यात मोटर जळाली. रिले खराब नव्हता, एका फेजचा जॉइंट ढिला होता. रिले बिचारा तेच सांगत होता.

गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा रविवारी दोघं बसलो. बटणाच्या वायरी काढल्या, फॅनला जुना प्लग लावला आणि एकेक टप्पा तपासला. क्रम लिहून ठेवतो.

१) इंजिन थंड असताना पाणी बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजतं. पाणी कमी असेल किंवा हवा अडकली असेल तर फॅनच्या थर्मोस्विचला उष्णता कळतच नाही. आमचं पाणी बरोबर होतं.

२) चावी बंद ठेवून बॅटरीची मायनस काढा आणि पातं हाताने फिरवा. जड किंवा अडकत असेल तर मोटरीचं बेअरिंग गेलं. आमचं मोकळं फिरलं. एक सांगतो, काही गाड्यांत चावी बंद असली तरी गरम इंजिनवर फॅन अचानक लागतो. मायनस काढल्याशिवाय बोटं घालू नका.

३) मायनस परत लावून फ्यूज. नुसता डोळ्याने बघू नका, दोन्ही बाजूंना टेस्ट लॅम्प लावा. आमचा चांगला होता.

४) चावी ऑन करून थर्मोस्विचचा प्लग काढा आणि प्लगमधली दोन टोकं वायरीच्या तुकड्याने जोडा. फॅन लागला तर स्विच खराब. आमच्याकडे रिले टक् वाजला, पण फॅन हलला नाही. म्हणजे स्विचच्या वायरी आणि रिलेची कॉइल ठीक, दोष पुढे. हे फक्त जुन्या, दोन वायरींच्या स्विचला चालतं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर सेन्सरवरून फॅन चालवतो, तिथं असं जोडाजोड करू नका.

५) रिले टक् वाजला तरी आतले पॉइंट जळालेले असू शकतात. त्याच नंबरचा दुसरा चालू रिले लावून बघितला. फरक नाही.

६) आता फॅनचा प्लग. मीटर लावला तर १२.४ व्होल्ट. इथं मी फसलो. म्हटलं, करंट येतोय म्हणजे मोटरच गेली. पोरगा म्हणाला, "थांबा, लोड टाकून बघू." हेडलाइटचा जुना बल्ब त्याच दोन टोकांना लावला. बल्ब निखाऱ्यासारखा लालसर, उजेडच नाही. मग बल्बचं एक टोक प्लगच्या प्लसला तसंच ठेवून दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावलं. लख्ख पेटला.

म्हणजे प्लस चांगला, अर्थ खराब. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. फॅन आठ-दहा अँपिअर ओढायला लागला की सगळं व्होल्टेज त्या खराब जॉइंटवर पडतं. विहिरीवर नाही का, मोटर बंद असताना व्होल्टमीटर छान दाखवतो आणि बटण दाबलं की खाली बसतो? तेच हे.

अर्थची वायर हेडलाइटच्या मागे बॉडीला बोल्टने कसलेली सापडली. शिवाररस्त्याचा चिखल आणि वर दर आठवड्याला आमचा प्रेशरचा पाण्याचा मारा. थिंबल हिरवं पडलेलं, आतली तार काळी. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर कापली, पाच रुपयांचं नवं थिंबल दाबलं, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने घासला, बोल्ट कसून वर ग्रीस लावलं. गॅरेजवाल्याचा फॅन तेव्हा का फिरला तेही कळलं. त्याने मायनसची वायरसुद्धा नवी ओढली होती. दोष बाजूला ठेवून त्याने काम चालू केलं आणि मी विचारलं नाही.

शेवटी गाडी उघड्यावर उभी करून चालू ठेवली. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धूर जिवावर बेततो. काटा मधोमधच्या थोडा वर गेला आणि फॅन आपोआप लागला. काटा उतरला, फॅन बंद. असं तीनदा झालेलं बघितलं, मगच बॉनेट लावलं.

मार्केटला अडकलात तर घरी पोहोचेपर्यंत डायरेक्ट करा, मीही करीन. पण तेही मध्ये फ्यूज टाकून, आणि घरी आल्यावर खरा दोष शोधून. आपल्याकडे तात्पुरतं केलेलं दहा वर्षं चालतं आणि एक दिवस कुणाच्या तरी हातून बटण राहतं. मग बोलणी त्यालाच बसतात.

सोमवारी पहाटे पोरगाच माल घेऊन गेला. चावी मी आदल्या रात्रीच त्याच्या उशाशी ठेवली होती.

तुमच्या गाडीत, स्टार्टरमध्ये काय काय डायरेक्ट केलेलं आहे, एकदा आठवून बघा.