कंचुकीचें माप

या विषयानें कांहीं वाचक भुवया उंचावतील; उंचावोत बापडे. ब्रेसिअरवरील ‘३४ सी’ हें माप मोठें शास्त्रीय वाटतें. परंतु अमेरिकेंत १९३० च्या दशकांत रूढ झालेलें हें अक्षर एकटें कांहींच सांगत नाहीं. छातीचा घेर पट्ट्याच्या मापाहून किती अधिक, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळें ३४ सीची वाटी जवळजवळ ३६ बीएवढीच. त्यांत छातीखालच्या घेरांत चार इंच मिळविण्याची जुनी रीत कोणी पाळतो, कोणी नाहीं. तीच स्त्री एका दुकानांत ३० ठरते, दुसऱ्यांत ३४. पट्टा सैल निघाला कीं पाठीवर चढतो, भार खांद्यांवरील फितींवर येतो, वळ उठतात. आणि ती बिचारी दोष देते आपल्याच अंगाला! याचा आम्हांस खरा विषाद वाटतो. पूर्वी शिंप्याकडे मापाला जुनी चोळी जाई. आतां आंकडा सांगावा लागतो, तोही पुष्कळदां काउंटरपलीकडच्या पुरुषाला, हलक्या आवाजांत.